आईच्या खोलीचं तापमान

प्रिय धाकट्या,

तुझा निरोप मिळाला. आधी फोनवर मिळाला, मग ईमेलवर मिळाला, मग तुझ्या ऑफिसातल्या त्या गोड आवाजाच्या मुलीने फोन करून विचारलं की मॅडम, निरोप मिळाला का. मिळाला. उत्तर मात्र कागदावर देतेय, कारण फोनवर माझं दुसरं वाक्य पुरं व्हायच्या आत तू "ताई, एक मिनिट हं" म्हणतोस आणि ते मिनिट पुढे आठवडाभर चालतं. कागदाला असं थांबवता येत नाही. नको असेल तर फाडावा लागेल, आणि माझं अक्षर फाडायची तुझी छाती नाही, असं मी धरून चालते.

तू तीन गोष्टी लिहिल्या आहेस. पहिली म्हणजे कंपनीच्या विक्रेत्यांच्या मेळाव्यात मी भाषण करावं. विषय तूच दिलायस: घरसामानाच्या दुकानदारांनी फोनवरून चालणाऱ्या स्मार्ट हीटिंगचा माल कसा ठेवावा आणि कसा विकावा. दुसरी, खुद्द माझ्याच दुकानात हा माल का पडून आहे, ते वरच्या साहेबांना सांगायचंय म्हणून कळवावं. आणि तिसरी, सगळ्यात शेवटी, सही झाल्यावर आठवल्यासारखी: आईच्या घरचा थर्मोस्टॅट अजून नीट का होत नाही, रोज संध्याकाळी खोली गार का पडते, दुकान तुझंच आहे ना ताई, मग जरा लक्ष घाल. मीही याच क्रमाने उत्तर देते. हा क्रम मला पटलेला नाही. पण तो तुझा आहे, तेव्हा पत्र वाचून झालं की तूच एकदा त्याच्याकडे बघ.

तर भाषण. तू पाठवलेले मुद्दे वाचले. एकदा वाचले, मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. "जोडलेलं घर", "ग्राहकाचा अनुभवप्रवास", "उबेचं भविष्य". धाकट्या, हे कोणी लिहिलं? ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात कधी गार पाण्याने भांडी घासली आहेत का? मी आयुष्यभर बोलत आलेय. कॉलेजात बोलले, संपात बोलले, व्यापारी संघात बोलते. मी उभी राहिले की मागच्या रांगेतले लोक चहाचा कप खाली ठेवतात, ते काही मी प्रवासाच्या आणि भविष्याच्या गप्पा मारते म्हणून नव्हे. तुला तरी हे सांगायला नको. बाबांच्या दुकानामागच्या गोदामात हीटरच्या रिकाम्या खोक्यावर उभं राहून मी पहिली भाषणं केली तेव्हा श्रोता तू एकटाच होतास. नाक वाहायचं, पायात एकच चप्पल, पण टाळ्या मात्र बरोबर जागेवर वाजवायचास. माझं वाक्य पोकळ निघालं की तुझे हात मांडीवरच राहायचे. ती पारख कुठे गेली रे? आज हे असले मुद्दे तू मला पाठवतोस आणि खाली लिहितोस, "ताई, फक्त वाचून दाखवलंस तरी चालेल."

चालणार नाही. वाचून दाखवायला लाउडस्पीकर पुरतो.

आता माल का पडून आहे ते ऐक. तुझ्या कंपनीने मला काचेचं कपाट पाठवलं. कपाटाला कुलूप. आत एक थर्मोस्टॅट, दोन व्हॉल्व्ह आणि मागे एका कुटुंबाचा फोटो. सगळ्यांचे दात दिसतायत आणि अंगात अर्ध्या बाह्यांचे कपडे आहेत. लोक यायचे, काचेला नाक लावायचे, विचारायचे की हे चालू करून दाखवा. मी कुलूप काढायची, वस्तू हातात द्यायची, आणि ती वस्तू निघायची पोकळ. नुसतं प्लास्टिकचं टरफल. आत काहीच नाही. दाखवायला आहे म्हणे. एका बाईंनी ते हातात घेऊन हलवून पाहिलं आणि मला म्हणाल्या, "अहो, हे तर माझ्या नणंदेसारखं आहे, वरून छान." मी हसले, पण आतून इतकी चिडले होते की त्या कपाटासकट तुला परत पाठवलं असतं. ऊब विकायला बसलोय आपण, आणि गिऱ्हाइकाच्या हातात गार टरफल देतोय.

शिवाय माल आला कधी? भर थंडीत. तोवर ज्याने त्याने आपापली सोय केली होती. आला तोही सगळा महागातला. आपल्या या भागात अर्ध्याअधिक इमारती जुन्या. खिडकीखाली लोखंडी रेडिएटर, त्यातून बॉयलरचं गरम पाणी फिरतं, आणि त्याचे आटे आजोबांच्या वेळचे. नवा व्हॉल्व्ह त्यावर बसायला मध्ये एक पितळी जोड लागतो. एवढासा असतो, बोटाच्या पेरात मावेल. तो जोड तुम्ही पाठवलाच नाहीत. लोक खोकं घेऊन हौसेने घरी जायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच खोकं काखोटीला मारून परत यायचे. मोठी वस्तू ठेवण्याआधी तिच्या बरोबरची बारीक वस्तू ठेवावी, हे बाबांना कोणी मेळाव्यात शिकवलं नव्हतं. बल्ब ठेवला तर होल्डर ठेवायचा, पडदा ठेवला तर दांडी ठेवायची.

बाबांची हीटर विकायची पद्धत तुला आठवते? तू लहान होतास, पण आठवत असेल. लोक अजून पातळ सदऱ्यात हिंडतायत, हवेत फक्त सकाळचा गारवा आलाय, तेव्हाच बाबा दुकानाच्या दाराशी एक हीटर लावायचे आणि समोर दोन खुर्च्या मांडायचे. कोणीही यावं, बसावं, हात शेकावेत. आई कुरकुर करायची की फुकट्यांची सोय केलीय. बाबा विकायला जायचेच नाहीत. माणूस शेकून सैल झाला की सहज विचारायचे, "घरी कोण कोण असतं?" एवढंच. मग कोणी सांगायचं म्हातारे वडील असतात, कोणी सांगायचं पोरगं रांगायला लागलंय, कोणी सांगायचं मी एकटाच. त्यावरून बाबा ठरवायचे की याला उंच हीटर द्यायचा की जाळीचा की मुळीच द्यायचा नाही. किती जणांना त्यांनी नुसत्या दाराच्या फटी बुजवायच्या पट्ट्या देऊन घरी पाठवलं, आणि तीच माणसं पुढच्या थंडीत हीटर न्यायला आली.

शेवटी मी बाबांकडेच गेले, म्हणजे त्यांच्या पद्धतीकडे. तुझं कपाट गोदामात टाकलं. आपल्या मिस्त्रीला बोलावलं आणि सांगितलं की पडद्यांच्या कोपऱ्यात, जिथे बायका कापड निवडत बसतात, तिथल्या रेडिएटरला खरा व्हॉल्व्ह लाव आणि भिंतीवर खरा थर्मोस्टॅट बसव. खाली दोन खुर्च्या. तुझे भाऊजी म्हणाले, कंपनीचा माल खोक्यातून काढून वापरलास, धाकट्याला काय सांगशील? मी म्हटलं, सांगेन की तुझ्या बहिणीला वेड लागलं. पण लोक बसायला लागले, रे. पडदा बाजूला राहायचा आणि बोट थर्मोस्टॅटच्या त्या गोल चकतीवर जायचं. फिरवली की खालचा रेडिएटर हळूहळू तापतोय हे पायाला कळायचं. समजावून सांगायचं काही उरतच नव्हतं.

आणि मग मी नियम घातले. तुझ्या मेळाव्यात सांगण्याजोगं माझ्याकडे काही असेल तर ते हेच. घरच्या बॉयलरचा फोटो पाहिल्याशिवाय खोकं द्यायचं नाही. त्या घराच्या आतल्या खोलीपर्यंत वायफाय पोचतं का ते विचारल्याशिवाय द्यायचं नाही. मिस्त्री कधी येणार ते ठरल्याशिवाय द्यायचं नाही. आणि बसवून झालं की आठवड्याने आपण होऊन फोन करायचा, कारण माणूस तक्रार करायला लाजतो आणि वस्तू पिशवीत घालून माळ्यावर टाकतो. या फोनांवर मला काय काय ऐकायला मिळालं. एक जोडपं आहे, माडीवर ती, खाली तो. ती वरून तापमान वाढवते, तो खालून कमी करतो, दोघंही आपापल्या फोनवरून. मी विचारलं, कसं चाललंय? तो म्हणाला, "फार छान. आता आम्ही न बोलता भांडतो." आणि एका म्हाताऱ्या मास्तरांनी, परगावच्या मुलाने घेऊन दिलेल्या थर्मोस्टॅटला चक्क लोकरीची टोपी घातली होती. रात्री त्याचा दिवा लुकलुकतो आणि कोणीतरी बघतंय असं वाटतं, म्हणाले. टोपीमुळे त्या यंत्राला वाटायचं की खोलीत फार उकडतंय, आणि मास्तर खाली कुडकुडत बसायचे. मी स्वतः जाऊन दिवा बंद करून दिला. टोपी काढून डोक्यात घातली त्यांनी.

तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली. या मालात घेणारा एक असतो आणि त्याच्याबरोबर राहणारा दुसराच. बाकी कुठलीही वस्तू आपण विकतो ती घेणाऱ्याला पसंत पडली की झालं. इथे मुलगा घेतो आणि बाप राहतो. सून घेते आणि सासू राहते. घरमालक घेतो आणि भाडेकरू राहतो. घेणाऱ्याच्या हातात फोन, राहणाऱ्याच्या अंगावर थंडी. म्हणून दुकानदाराने विकताना घेणाऱ्याकडे पाठ करून त्या दुसऱ्या माणसाचा विचार करायला हवा, जो दुकानात आलेलाच नाही. बाबांचा तो प्रश्न मी पुन्हा विचारायला लागले, आणि माल हलायला लागला. एवढा हलायला लागला की भाऊजींनी दुसरी ऑर्डर लिहून ठेवली होती.

मग पडून का आहे, असं विचारशील. कारण मी विकायचा थांबवला. मीच. गेला महिनाभर कोणी विचारलं तर मी सांगते की सध्या देत नाही. तुझे भाऊजी माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत, मिस्त्री अजून नाराज आहे, पण मला दुसरं काही सुचेना. माझ्या सख्ख्या आईच्या घरी, माझ्या दुकानातला, माझ्या मिस्त्रीने बसवलेला, माझ्या भावाच्या कंपनीचा थर्मोस्टॅट रोज संध्याकाळी खोली गार पाडतो, तर कुठल्या तोंडाने मी परक्या माणसाला म्हणू की घेऊन जा, निश्चिंत राहा? मी बोलणारी बाई आहे. जे माझ्या घरात खरं नाही ते मला दुकानात खरं म्हणून सांगता येत नाही. आणि आता कबूलच करते, तुझ्या मेळाव्याला मी होकार देणार होते. तुझे मुद्दे बाजूला ठेवून, तुझ्या साहेबांच्या समोर, हेच सांगायला की हा माल सदोष आहे. भाषणही तयार होतं. चांगलं झालं होतं. तू टाळ्या वाजवल्या असत्यास, अशी वाक्यं होती त्यात.

ते भाषण आता मी करणार नाही. माल सदोष नाही. मिस्त्री पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता आणि मी त्याच्यावर ओरडत होते. त्याने बॅटरी बदलली, मग चकती खिडकीजवळून काढून आतल्या भिंतीवर नेली, मग माझ्या हट्टापायी अख्खं यंत्र नवं लावलं. दर वेळी तो जायचा तेव्हा खोली उबदार असायची, आणि दर वेळी तो गेला की दुसऱ्या संध्याकाळी तापमान पडायचं. यंत्र त्याला बघून शहाणं होतं की काय, असं मी त्याला टाकून बोलले. तो बिचारा जाण्याआधी आईला फोन करायचा की येतोय, दार उघडायला वेळ लागतो तिला म्हणून. एवढंच.

आता तुझी तिसरी गोष्ट. यासाठी मला जरा मागे जावं लागेल, आणि तू जागेवरून उठू नकोस.

तू परगावी नोकरीला गेलास तेव्हापासून रोज संध्याकाळी, तुझं ऑफिस सुटलं की, आईला फोन करायचास. पहिला प्रश्न ठरलेला: "आज थंडी किती आहे?" मी कधी त्या वेळी तिथे असले की ऐकायची. थंडीचं उत्तर द्यायला माणसाला किती वेळ लागतो? आईला चांगला अर्धा तास लागायचा. थंडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून समोरच्या घरातल्या नव्या सुनेवर, तिथून दुधाच्या दरावर, आणि मग बाबांवर. तू हं हं करायचास. मला वाटायचं, हा कंटाळत कसा नाही. मग गेल्या वेळी तू आलास, एक दिवस राहिलास, थर्मोस्टॅट बसवून घेतलास, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालास, "आता काळजी नाही आई. तुझ्या खोलीत किती ऊब आहे ते मला तिकडे बसून दिसेल. विचारायलाच नको." मलाही ते फार आवडलं होतं. खोटं कशाला बोलू? दुकानात मी चार जणांना ते वाक्य ऐकवलं असेल.

आणि तू खरंच विचारायचा थांबलास. आधी एक दिवसाआड झालं, मग रविवारी, मग अंगठा दाखवणारं ते पिवळं चित्र. तुला फोनवर आकडा दिसत होता आणि तो चांगला होता. आईने तक्रार केली नाही. तिने त्या चकतीला तुझंच नाव दिलं. बॉयलर सुरू होताना ती टक् आवाज करते ना, तेव्हा आई म्हणायची, धाकटा आला. दुपारी जास्त तापलं तर म्हणायची, धाकट्याने आज फारच केलंय, सांगा त्याला. मी हसायची. तूही हसला असतास.

मग एकदा दूध उतू गेलं. घरभर जळका वास, म्हणून तिने संध्याकाळी खिडक्या उघडल्या. तापमान पडलं, तू लावून ठेवलेला इशारा तुझ्या फोनवर वाजला, आणि तू लगेच तिला फोन केलास. "आई, काय झालं? थंडी वाजतेय का?" तुला आठवत नसेल. त्या दिवशी तुम्ही बराच वेळ बोललात. दुसऱ्या दिवशी ती मला तेच सांगत होती, काय काय बोलणं झालं, दुधाचं सांगितलं, पातेलं अजून काळंच आहे. चेहरा असा होता की मी विचारलं, काय गं, लॉटरी लागली का?

पुढचं तुला माहीत आहे, फक्त तू त्याला बिघाड म्हणतोस. त्यानंतर दर संध्याकाळी तापमान पडायला लागलं. पहिले काही दिवस तू फोन केलेस. मग तू तिला न विचारता मला विचारायला लागलास, ताई, युनिट चेक करून घे. मग तुझ्या संध्याकाळच्या मीटिंगा सुरू झाल्या, आणि तू तो इशारा तुझ्याकडे बंद करून माझ्या दुकानाच्या फोनवर वळवलास. विक्रीनंतरची सेवा दुकानदाराकडे. नियमाला धरून आहे, मला त्यात काही बोलायचं नाही.

परवा संध्याकाळी दुकानात गर्दी होती. काउंटरवरचा फोन वाजला, पाहिलं तर आईची खोली. मी दुर्लक्ष केलं, मिस्त्रीला सकाळी पाठवू म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, आकडा आणखी खाली. मग आणखी खाली. इतकं खाली कधीच गेलं नव्हतं. मी हातातला पडदा तसाच टाकला आणि निघाले. फोन करायचंही सुचलं नाही. माझ्याकडची किल्ली लावली आणि आत गेले.

खोलीत दिवा नव्हता. रस्त्यावरचा उजेड येत होता, कारण मोठी खिडकी सताड उघडी होती. पडदा बाहेर जाऊन फडफडत होता. आई खिडकीशीच खुर्चीत बसली होती. अंगावर शाल, शालीवर बाबांचा जुना कोट, मांडीवर फोन. फोनच्या पडद्याकडे बघत होती. रेडिएटर तापून लाल व्हायचा बाकी होता, चकती टक् टक् करत होती, बिचारी जिवाच्या आकांताने त्या रस्त्याला ऊब देत होती. मी धावत जाऊन खिडकी लावली. ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण तिने माझ्याकडे पाहिलं, लहान मूल गणित चुकल्यावर पाहतं तसं, आणि विचारलं, "अजून गार व्हायला पाहिजे का गं? आधी एवढ्यावर करायचा तो फोन."

मी तिच्या पायाशी बसले आणि तिचे तळवे चोळत राहिले. बर्फ होते. तू तो इशारा बंद केलायस, तुझ्याकडे आता तो जातच नाही, हे मला तिला सांगता आलं नाही. मी म्हटलं, मीटिंग असेल. ती म्हणाली, "हो, मोठी माणसं आहेत तिथे." मग म्हणाली, "त्याला सांगू नकोस. त्याचं यंत्र चांगलं आहे. उगीच त्याच्या नोकरीवर यायला नको." ती तुझी अब्रू सांभाळत होती, धाकट्या, आणि ती सांभाळता सांभाळता खोकत होती.

डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ आहे, ताप उतरलाय, घाबरण्यासारखं नाही. काळजी घ्यायची आहे. मी दोन दिवस इथेच आहे, हे पत्रही तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितेय. ती आत झोपलीय. तिने मला सांगू नकोस म्हटलं आणि मी सांगतेय, कारण हे वचन मी दिलेलंच नाही, नुसती मान हलवली होती. तुझ्यावर चिडलेय आणि माझ्यावरही चिडलेय. सगळ्या गावाला विचारत सुटले होते की घरी कोण कोण असतं, आणि चार गल्ल्या पलीकडे जी एकटी असते तिच्याकडे तीनदा मिस्त्री पाठवला. एकदाही संध्याकाळी स्वतः आले नाही. दुपारी डबा घेऊन यायचे, तेव्हा खिडकी बंद असायची, आणि मला वाटायचं मी करतेय तेवढं पुष्कळ आहे.

तुझ्या साहेबांना सांग, माल चांगला आहे, उद्यापासून पुन्हा विकायला काढते. जोड पाठवा, माल थंडीच्या आधी पाठवा, टरफलं पाठवू नका. मेळाव्याला येईन की नाही ते तुझ्यावर आहे. आले तर एकच गोष्ट सांगेन: विकताना घेणाऱ्याला स्पष्ट सांगा की हे यंत्र खोली तापवतं, त्यापलीकडे काही करत नाही.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. तुला हे पोचेल त्याच्या आधीच तुझ्या फोनवर आईच्या घराच्या जागी रिकामी चौकट दिसायला लागली असेल. मिस्त्रीला फोन करू नकोस, काही बिघडलेलं नाही. आज दुपारी मी तुझं नाव त्या यंत्रातून काढून टाकलं, आणि माझ्या दुकानाचंही. चकती आता आईच्या हातात आहे. तिला फिरवायला शिकवलंय, तिने दोनदा चुकवलं आणि तिसऱ्यांदा मलाच शिकवलं. खोली उबदार आहे, पण किती, ते यापुढे तुला तिकडे बसून दिसणार नाही. ते कळायचा एकच रस्ता मी ठेवलाय. नंबर जुनाच आहे, ऑफिस सुटल्यावरची वेळही तीच आहे, आणि प्रश्न तुला पाठ आहे. फक्त एक लक्षात ठेव. फोन तिच्या मांडीवरच असेल, पण ती लगेच उचलणार नाही, वाट बघत बसलीय असं तुला वाटायला नको म्हणून. तेवढ्यात ठेवून देऊ नकोस. वाजू दे.

तुझीच, आणि राग अजून उतरलेला नाही अशी,

ताई